वडिलांचा याशिका, आत अडकलेला रोल आणि एक प्रामाणिक शंका

रानजाई

नमस्कार. गेल्या महिन्यात साताऱ्याच्या घराची आवराआवर करताना वडिलांच्या कपाटात, स्वेटरांच्या घडीखाली, त्यांचा याशिका इलेक्ट्रो ३५ जीएसएन हा फिल्मचा कॅमेरा सापडला. १९७० च्या दशकाच्या शेवटी आत्याच्या यजमानांनी तो मस्कतहून आणला होता आणि पुढची वीस वर्षे आमच्या घरातली बारशी, मुंजी, सहली आणि परसातला पहिला हापूस असे सगळे त्यातूनच टिपले गेले. चामड्याच्या पेटीची शिवण उसवली आहे; कॅमेरा मात्र धडधाकट दिसतो. वरच्या बारीक खिडकीत २३ हा आकडा आहे, म्हणजे आत रोल आहे आणि तो पुरता संपलेला नाही. वडिलांना विचारले तर “महाबळेश्वरची सहल असेल” एवढेच म्हणाले. शेवटचा रोल १९९९ च्या सुमारास भरला होता, असे आईचे म्हणणे आहे.

पहिला प्रश्न सरळ आहे. इतक्या वर्षांनी त्या रोलमधून काही हाती लागेल का, आणि त्यासाठी काय करावे आणि काय टाळावे?

दुसरी शंका जरा अवघड आहे आणि तीच मला खरी विचारायची आहे. मी सहा वर्षे डिजिटल कॅमेरा वापरते आणि तो बऱ्यापैकी वापरते असे मला वाटते. फिल्मवर फोटो काढणारी मंडळी नेहमी सांगतात की छत्तीसच फोटो असल्यामुळे माणूस थांबतो, विचार करतो आणि मगच बटण दाबतो. हे पटण्यासारखे आहे. पण मग तेवढेच बंधन डिजिटलवर घालून घेतले तर काय बिघडते? सप्टेंबरात कासच्या पठारावर मी तसे करूनही पाहिले. कॅमेऱ्याच्या पडद्यावर काळी चिकटपट्टी लावली आणि दिवसभरात छत्तीसच फोटो काढायचे असे ठरवले. बाराच्या सुमारास मी ती पट्टी काढून टाकली आणि संध्याकाळी मोजले तेव्हा चारशे अकरा फोटो झाले होते. फिल्मसारखा दाणेदारपणा आणि मऊ रंग तर संगणकावर दोन मिनिटांत आणता येतात. मग या जुन्या यंत्रात पैसे आणि वेळ घालून नेमके काय मिळते? जुन्या आठवणींचे कढ बाजूला ठेवून कोणी सांगू शकेल का? कॅमेरा विकायचा नाही, तो प्रश्नच नाही. तो शोभेला ठेवावा की वापरावा, एवढेच ठरवायचे आहे.

लाल_दिवा

रानजाईताई, मी कोल्हापुरात एकतीस वर्षे स्टुडिओ आणि डार्करूम चालवली. आता दोन्ही बंद आहेत, त्यामुळे माझ्या बोलण्यात धंद्याचा स्वार्थ नाही.

आधी रोलचे पाहू. कॅमेऱ्याचे मागचे झाकण कोणत्याही परिस्थितीत उघडू नका. उघडले की आकडा शून्यावर येतो आणि बाहेर असलेली फिल्म उजेडाने जाते. उरलेले फोटो काढून रोल संपवण्याचा मोह आवरा, कारण जुन्या फिल्मची संवेदनशीलता उतरलेली असते आणि नवे फोटोही वाया जातात. तळाचे छोटे बटण दाबून वरच्या दांडीने रोल सावकाश मागे गुंडाळा. त्याला बॅटरी लागत नाही. दांडी आधी जड फिरेल आणि मग एकदम हलकी होईल. हलकी झाली की फिल्म डबीत गेली असे समजा आणि मगच झाकण उघडा.

रोल बहुधा रंगीत असेल. पंचवीस वर्षे कपाटात राहिल्यावर रंगांचे तिन्ही थर सारखे म्हातारे होत नाहीत, म्हणून रंगीत प्रक्रियेतून गढूळ आणि जांभळट चित्र येण्याची शक्यता जास्त असते. माझा सल्ला असा की रंगांचा नाद सोडावा आणि तो रोल कृष्णधवल रसायनांत धुवून घ्यावा. धुके (जुन्या फिल्मवर आपोआप चढणारी काळपट झाक) आटोक्यात ठेवण्यासाठी डेव्हलपरमध्ये, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या रसायनात, थोडे बेन्झोट्रायझोल घालतात. हे काम हाताने करणारा जाणकार शोधा, कारण यंत्रात रोल सरकवून देणाऱ्याला हे जमणार नाही. आशा ठेवायला जागा आहे. स्वीडनचा आंद्रे १८९७ मध्ये फुग्यातून उत्तर ध्रुवाकडे निघाला आणि सोबत्यांसह बर्फात संपला. त्यांच्या छावणीचे अवशेष १९३० मध्ये आर्क्टिकमधल्या एका बेटावर सापडले आणि तेहतीस वर्षे ओल्या बर्फात पडून राहिलेल्या फिल्ममधून ९३ चित्रे वाचवता आली. अर्थात तिथे थंडी होती. तुमच्या रोलने साताऱ्याचे पंचवीस उन्हाळे काढले आहेत.

हे कसे शक्य होते, यातच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तराचा एक भाग आहे असे मला वाटते. फिल्मवर जिलेटिनमध्ये बसवलेले चांदीच्या क्षारांचे स्फटिक असतात. प्रकाश पडतो तेव्हा त्या स्फटिकात चांदीचे जेमतेम चार-पाच अणू एकत्र येतात. डोळ्यांना काही दिसत नाही आणि सूक्ष्मदर्शकालाही सहसा काही दिसत नाही, पण तो स्फटिक खुणावला गेलेला असतो. डेव्हलपर त्या खुणेवरून अख्ख्या स्फटिकाची चांदी करतो. दुधात विरजणाचा थेंब पडावा तसे हे असते. रात्री पाहिले तर दूधच असते, पण त्याचे ठरलेले असते. तुमच्या कॅमेऱ्यात आत्ता या क्षणी तेवीस विरजणे पडलेली आहेत. (जिलेटिनचीही एक गंमत आहे. ते गुराढोरांच्या हाडांपासून आणि कातड्यापासून करतात. काही जिलेटिनची फिल्म जास्त संवेदनशील का होते हे १९२५ च्या सुमारास कोडॅकच्या प्रयोगशाळेतल्या सॅम्युअल शेपर्ड यांनी शोधले, तेव्हा त्याचे मूळ त्यातल्या गंधकाच्या अंशात निघाले आणि तो अंश गुरांनी खाल्लेल्या मोहरीसारख्या वनस्पतींतून आलेला होता.)

आता तुमच्या चिकटपट्टीबद्दल. ती बारा वाजता सुटली यात तुमच्या निग्रहाचा दोष नाही. भरल्या स्वयंपाकघरात धरलेला उपास आणि डोंगरावर शिदोरी संपल्यावर घडलेला उपास यांत जो फरक आहे, तोच इथे आहे. पट्टीखाली उत्तर तयार असते आणि ते आपल्याला ठाऊक असते. फिल्ममध्ये उत्तर कुठेच तयार नसते. पण केवळ थांबायला लावते म्हणून फिल्म चांगली, असे मी म्हणणार नाही. थांबून वाईट फोटो काढणारी माणसे मी आयुष्यभर पाहिली आहेत.

माझ्या मते मिळते ते असे, की उजेड वाचता येऊ लागतो. लख्ख उन्हात अ‍ॅपर्चर, म्हणजे भिंगाचे छिद्र, एफ/१६ ठेवावे आणि शटरचा वेग फिल्मच्या संवेदनशीलतेच्या आकड्याइतका ठेवावा, म्हणजे २०० च्या फिल्मला सेकंदाचा अडीचशेवा भाग पुरतो, हा जुना नियम बहुतेक डब्यांच्या खोक्यांवर चित्रांसह छापलेला असे. तो पाठ करायला एक दिवस लागतो. पण पडवीतला उजेड उन्हापेक्षा किती पायऱ्या खाली आहे, दारातून तीन पावले आत गेल्यावर तो किती उतरतो आणि श्रावणातल्या ढगाळ दुपारी अंगणात नेमका किती असतो, हे डोळ्यांनी सांगता यायला दोन-तीन वर्षे लागतात. पडदा समोर असला की हा अंदाज बांधायची गरजच पडत नाही; चुकले की लगेच दुरुस्त होते, आणि जे लगेच दुरुस्त होते ते लक्षात राहत नाही. आम्ही वहीत लिहून ठेवत असू: तारीख, वेळ, उजेड, आकडे. आठ दिवसांनी निगेटिव्ह उजेडासमोर धरून वही उघडायची आणि आपला अंदाज खरा ठरला का ते पाहायचे. डेव्हलपरच्या तबकात चित्र हळूहळू उगवते त्याचे लोकांना अप्रूप असते आणि मलाही ते पहिले सहा महिने होते. वहीचे अप्रूप मात्र शेवटपर्यंत गेले नाही.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो. तुमच्या याशिकात शटरचा वेग कॅमेराच ठरवतो आणि किती ठरवला ते सांगतही नाही. पिवळा दिवा लागला तर उजेड कमी आहे आणि लाल लागला तर जास्त आहे, एवढेच कळते. त्यामुळे उजेड वाचण्याचे शिक्षण त्यावर निम्मेच होईल. पुढे गोडी लागली तर पेंटॅक्स के१००० किंवा निकॉन एफएम२ सारखा कॅमेरा पाहा. त्यांत बॅटरी फक्त उजेड मोजणाऱ्या मीटरला लागते आणि बाकी सगळे तुमच्या हातात राहते.

आणखी एक, मग थांबतो. घरातला आजी-पणजीचा खूप जुना फोटो असेल तर कपाळाचे कुंकू पाहा. ते बहुतेक वेळा काळे ठिक्कर दिसते. ती छपाईची चूक नसते. त्या काळची फिल्म निळ्या आणि हिरव्या उजेडाला जागी आणि लाल रंगाला आंधळी होती. कागद धुताना आम्ही लाल दिवा लावू शकत होतो तो याच कारणाने. त्या फोटोत पणजी दिसते, आणि त्या वेळच्या फिल्मला पणजी कशी दिसली तेही दिसते. संगणकावरचा दाणेदारपणा वरून शिंपडलेला असतो. फिल्मचा आतून आलेला असतो.

हिशेबनीस

काकांचा अनुभव मोठा आहे आणि त्यांच्या वहीबद्दल मला आदर आहे. तरी खर्चाची बाजू कोणी मांडत नाही म्हणून मी मांडतो. मी पुण्यात चार वर्षे फिल्म वापरली आणि दोन वर्षांपूर्वी सोडली. रंगीत रोल, त्याची धुलाई आणि स्कॅन मिळून मला एका रोलमागे दीड हजाराच्या पुढेमागे खर्च येत असे, म्हणजे एका फोटोला चाळीस-पंचेचाळीस रुपये, आणि त्यांतले तीन किंवा चार ठेवण्यासारखे. जुन्या बाजारात रविवारी कॅमेरा स्वस्तात मिळाला म्हणून आनंदाने घरी यावे, तर आतला काळा स्पंज विरघळून चिकट झालेला असतो, शटर अडकलेले असते आणि दुरुस्त करणाऱ्याकडे आधीचे दहा कॅमेरे रांगेत असतात.

त्याहून मोठी तक्रार वेगळी आहे. आज बहुतेक लोक फिल्मवर फोटो काढतात, प्रयोगशाळेत देतात आणि तिथून स्कॅन मागवून फोनवर पाहतात. म्हणजे शेवटी डिजिटल फोटोच पाहायचा, फक्त मध्ये एका अनोळखी माणसाने त्याच्या मर्जीने रंग ठरवलेले असतात. एकाच निगेटिव्हचे दोन ठिकाणचे स्कॅन मी शेजारी ठेवले, तर एकात संध्याकाळ होती आणि दुसऱ्यात दुपार. मग ‘फिल्मचा रंग’ म्हणून आपण कौतुक कोणाचे करतो? एका ठिकाणी तर माझा लडाखचा पूर्ण रोल रसायन शिळे असल्यामुळे खराब झाला आणि त्याबद्दल मला एक नवा रोल भेट मिळाला.

स्वतःची चूकही सांगतो, म्हणजे तोल राहील. हरिश्चंद्रगडावर कोकणकड्याच्या टोकावर पहाटे पाच वाजता उठून मी छत्तीस फोटो काढले, आणि सदतिसावा, अडतिसावाही निघू लागला तेव्हा पोटात गोळा आला. फिल्मचे टोक फिरकीत नीट अडकलेच नव्हते. रोल भरल्यावर फिल्म पुढे सरकवायचा खटका दोनदा ओढून डावीकडची गुंडाळायची दांडी फिरते का ते पाहावे, हे मला त्या दिवशी कायमचे कळले.

आणि हा छंद दुसऱ्यांच्या कारखान्यांवर उभा आहे हे विसरू नका. कोडॅकची रंगीत फिल्म कोडॅक्रोम १९३५ पासून चालली, २००९ मध्ये बंद झाली आणि ती धुणाऱ्या शेवटच्या प्रयोगशाळेने, अमेरिकेतल्या कॅन्ससमधल्या पार्सन्स गावच्या, २०१० च्या डिसेंबरअखेर तिचे रोल घेणे थांबवले. त्यानंतर ज्यांच्याकडे न धुतलेले रोल उरले त्यांचे रंग कायमचे गेले. आपल्या उटकमंडच्या सरकारी कारखान्यातली ‘इंदू’ फिल्म आता कुठे मिळते? माझे मत विचाराल तर तो जुना रोल जरूर धुवून घ्या, आणि कॅमेरा काचेच्या कपाटात ठेवा.

धाराशिवकर

हिशेबनीस साहेबांचा हिशेब रंगीत फिल्मचा आणि बाहेरच्या धुलाईचा आहे आणि तो बरोबर आहे. मी मात्र गेली सात वर्षे फक्त कृष्णधवल फिल्म घरी धुतो आणि तिथे हे गणित बरेच खाली येते. डार्करूम लागत नाही. अंधारी पिशवी, एक टाकी, थर्मामीटर, दोन-तीन बाटल्या आणि घरच्यांची सहनशीलता एवढे पुरते. फिल्म पिशवीत हात घालून टाकीत चढवायची. झाकण लागले की पुढचे सगळे स्वयंपाकघराच्या ओट्यावर उजेडात होते.

अडचण आमच्याकडे पाण्याची आहे. ‘एचपी५ प्लस’ फिल्मला ‘डी-७६’ डेव्हलपर निम्मा पाणी घालून वापरला तर २० अंश तापमानाला अकरा मिनिटे लागतात, असे तक्ता सांगतो. हा तक्ता ज्याने केला त्याने धाराशिवचा मे महिना पाहिलेला नसावा. नळाचे पाणी तेव्हा बत्तीस अंशांवर असते. सुरुवातीला मी बर्फ घालून वीस अंशांपर्यंत आणत असे आणि अकरा मिनिटे ते तिथे टिकवताना जीव मेटाकुटीला येई. मग एके दिवशी आईने सुचवले की माठातले पाणी घे. माठात पाणी रात्रभर ठेवले की आमच्या कोरड्या हवेत ते चोवीस-पंचवीस अंशांवर येते आणि तिथेच राहते. चोवीस अंशांना वेळ कमी करून साधारण पावणेआठ मिनिटे धरायचा. तेव्हापासून एक माठ फक्त रोलसाठी आहे आणि पाहुण्यांनी त्याला हात लावू नये म्हणून त्यावर काळा दोरा बांधला आहे. कोकणातल्या दमट हवेत ही युक्ती इतकी चालणार नाही, कारण तिथे माठ पाझरतो पण पाणी उडत नाही.

दुसरी अडचण क्षारांची. बोअरच्या पाण्याने शेवटचे धुणे केले तर वाळलेल्या निगेटिव्हवर पांढरे डाग राहतात आणि ते आकाशात बरोबर दिसतात. शेवटचे दोन मिनिटांचे बुडवणे मी बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड पाण्यात करतो आणि मग कपड्यांच्या दोन चिमट्यांनी, एक वर आणि एक खाली वजनाला, फिल्म न्हाणीघरात टांगतो. वापरून झालेला फिक्सर, म्हणजे चित्र पक्के करणारे रसायन, मी झाडांना किंवा मोरीत ओतत नाही. त्यात चांदी असते. तो डब्यात साठवून वर्षातून एकदा सोलापूरला एका एक्स-रे फिल्म गोळा करणाऱ्याला देतो.

या सगळ्यातून काय मिळते? स्कॅन करणाऱ्या अनोळखी माणसाची मर्जी उरत नाही, हे हिशेबनीसांच्या तक्रारीचे उत्तर. निगेटिव्ह कडक, म्हणजे काळे-पांढरे फार तीव्र, आली तर का आली हे मला माहीत असते: मी टाकी जास्त हलवली, किंवा दहा सेकंद उशीर केला. माझ्या फोटोत दिसणाऱ्या प्रत्येक दोषाचा धनी मीच असतो आणि हे फार समाधानाचे आहे. छापील पुस्तकाच्या आणि हाताने लिहिलेल्या पोथीच्या चुका वेगळ्या असतात, तसे काहीसे.

तुमचा प्रश्न वापरावा की न वापरावा एवढाच असला तरी एक मोह दाखवून ठेवतो. माझ्याकडे याशिकाचाच दोन भिंगांचा, वरून खाली पाहायचा, मॅट-१२४जी आहे. त्याला १२० ची रुंद फिल्म लागते. बाराच फोटो निघतात, पण निगेटिव्ह ३५ मिलिमीटरच्या साडेतीनपटींहून मोठी असते. आकारापेक्षाही मला त्यातली पाहण्याची तऱ्हा आवडते. कॅमेरा छातीशी असतो, मान खाली असते आणि काचेवर जग डावे-उजवे उलटे दिसते. आषाढीला पंढरपुरात चंद्रभागेच्या वाळवंटात मी या कॅमेऱ्याने फोटो काढतो, तेव्हा लोकांना वाटते की हा गृहस्थ मान लववून उभा आहे. मोठे काळे भिंग डोळ्याला लावून बंदुकीसारखे रोखले की माणसे जशी सावध होतात तशी ती होत नाहीत. एक आजी मला म्हणाल्या, “काय शोधतोस रे बाबा, काही पडलं का?” तो फोटो मला मिळाला नाही, कारण मी हसत होतो. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांनीही याच जातीचा रोलायफ्लेक्स वापरला, आणि त्यांच्या फोटोंतली मोठमोठी माणसे इतकी निवांत का दिसतात याचे थोडे श्रेय मी त्या खाली पाहण्याला देतो.

जेजुरीला मात्र हा कॅमेरा नेऊ नका. भंडारा कृष्णधवल फिल्मवर सुंदर दिसतो, पांढुरक्या धुक्यासारखा, आणि पिवळे फिल्टर लावले तर आणखी उजळतो. पण तो कॅमेऱ्याच्या सांध्यांत शिरतो आणि मग वर्षभर निघत राहतो.

खारा_वारा

मालवणहून एक छोटी भर. कॅमेरा काचेच्या कपाटात ठेवा, या सल्ल्याला माझा विरोध आहे. बंद कपाट, ओली हवा आणि अंधार हे बुरशीला हवे असलेलेच वातावरण. भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी आहे आणि ती काचेवरचा लेप खाते. ताईंनी मागचे झाकण उघडल्यावर अ‍ॅपर्चर पूर्ण खुले ठेवून एका बाजूने टॉर्च मारून भिंग तपासावे. ठेवताना घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल ठेवावे. रंग बदलला की ते तव्यावर मंद आचेवर तापवून पुन्हा वापरता येते. तांदूळ ठेवू नका, त्याची पूड आत जाते. चामड्याची पेटी वेगळी ठेवा, कारण बुरशी आधी तिथे लागते. निगेटिव्ह जुन्या प्लॅस्टिकच्या अल्बमात असतील तर त्याही बाहेर काढा. डबा उघडल्यावर शिरक्यासारखा वास आला तर फिल्मचा पायाच सडू लागला आहे असे समजावे आणि त्या निगेटिव्ह सर्वांत आधी स्कॅन कराव्यात. बाकी वादात मी पडत नाही. वापरात असलेला कॅमेरा सडत नाही, एवढे मात्र खरे.

रानजाई

सर्वांचे मनापासून आभार. सात आठवड्यांनी लिहिते आहे, कारण सांगण्यासारखे काही हाती येईपर्यंत थांबले होते.

रोल लाल_दिवा काकांनी सांगितल्याप्रमाणे मागे गुंडाळला. मुंबईत फोर्टच्या बोरा बाजारातून विचारत विचारत एका हाताने धुणाऱ्या माणसापर्यंत पोहोचले आणि त्यांनी तो कृष्णधवल पद्धतीने धुवून दिला. तेवीसपैकी नऊ फोटोंत काही तरी दिसते आणि त्यांतले चार स्पष्ट आहेत. महाबळेश्वर त्यात कुठेच नाही. ती सगळी चित्रे आमच्या शनिवार पेठेतल्या जुन्या वाड्याची आहेत, जो १९९९ च्या दिवाळीनंतर पाडला: चौक, तुळशीवृंदावन, जिन्याचा कठडा, कोनाड्यांची अख्खी भिंत आणि एकात दारावरची गणेशपट्टी. माणूस एकाही फोटोत नाही. वडिलांनी निगेटिव्ह खिडकीपाशी बराच वेळ धरली आणि म्हणाले, “म्हणजे मी काढले होते तर.” त्यांना हे फोटो काढल्याचे आठवत नव्हते, वाडा पाडणाऱ्याने सोमवारी यायचे म्हणून रविवारी दुपारी घाईने काढले, हे त्यांना फोटो पाहून आठवले.

कॅमेऱ्याचे म्हणाल तर भिंग स्वच्छ निघाले. मूळची पाऱ्याची बॅटरी आता मिळत नाही. तिच्याऐवजी सहा व्होल्टची लहान बॅटरी, पुठ्ठ्याची सुरळी आणि एक स्प्रिंग असे जुळवले. खटका ओढताना जो ‘टक्’ असा आवाज यायला हवा तो येत नव्हता. आतली रबराची बारीक गादी झिजली होती. साताऱ्यातल्याच एका घड्याळ दुरुस्त करणाऱ्या काकांनी ती बदलून दिली. त्यांनी याआधी कॅमेरा उघडला नव्हता, हे त्यांनी मला नंतर सांगितले.

मग एचपी५ चा एक रोल भरला आणि वही केली. हिशेबनीस, तुमचे म्हणणे मला अजूनही बरेचसे पटते. फोनवर पाहायचे असेल तर एवढा खटाटोप करू नये, आणि धावत्या मुलांचे किंवा पक्ष्यांचे फोटो मी यापुढेही डिजिटलवरच काढणार आहे. पण मला जे मिळाले ते तुमच्या हिशेबात नव्हते आणि माझ्या प्रश्नातही नव्हते. कॅमेरा शटरचा वेग सांगत नाही म्हणून मी प्रत्येक वेळी आधी स्वतःचा अंदाज वहीत लिहिते, पिवळा दिवा लागेल की नाही तेही लिहिते, आणि मग बटण अर्धे दाबून पाहते. पहिल्या दहांपैकी सात वेळा चुकले. विसाव्यानंतर चुका कमी झाल्या. परवा बसस्थानकावर हातात कॅमेरा नसताना छपराखालचा उजेड पाहून मनात ‘एफ/२.८, तिसावा भाग’ असे आले आणि माझे मलाच हसू आले. चारशे अकरा फोटोंच्या दिवशी असे काही झाले नव्हते.

आता चौतीस झाले आहेत आणि दोन उरले आहेत. ते कशासाठी राखून ठेवावेत असा विचार मी आठवडाभर करते आहे. आई सकाळपासून मागे लागली आहे की तुळशीचा काढ एक, माझा आणि ह्यांचा काढ एक, आणि दे एकदाचा धुवायला. रोल असा कॅमेऱ्यात ठेवू नये, पुन्हा पंचवीस वर्षे राहील.

लाल_दिवा

आईंचे ऐका. तुळशीचा फोटो सकाळी आठच्या आत काढा, पाने तेव्हा चमकत नाहीत. वृंदावनाला चुना दिलेला असेल तर मीटर त्या पांढऱ्याला फसेल आणि पाने काळी येतील. म्हणून त्या एका फोटोपुरती फिल्मच्या आकड्याची चकती ४०० वरून २०० वर आणा. काढून झाल्यावर ती परत ४०० वर न्यायला विसरू नका, नाही तर पुढच्या फोटोत आई-वडील जास्त उजळ येतील. मी नेहमी विसरत असे.